‘नाही’वरची खूण

साधना मुनेश्वर यांचा म्हातारपणाचा तास बुधवारी दुपारी अडीचला सुरू होत असे. यवतमाळातल्या एका ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजात त्या शिकवतात. तासाचं साहित्य एका जुन्या सुटकेसमध्ये असे. कानात घालायला कापूस, चपलेत टाकायला तुरीचे दाणे, गुडघे आवळून बांधायला क्रेप बँडेज आणि काचांवर व्हॅसलीन फासलेले आठ चष्मे. मुली हे सगळं अंगावर चढवून वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत, सुईत दोरा ओवायला बसत, मागून कोणी हळू आवाजात दिलेली सूचना पाळायचा प्रयत्न करत.

पहिली दहा मिनिटं हसण्यात जात. “ए, बुढी आली, सरक वं,” असं कोणी म्हणे आणि वर्ग लोळे. मग हसू कमी होई. तुरीचे दाणे टोचत, सुई सापडत नसे. शेवटी एखादी मुलगी रडे. “मॅडम, माह्या आजीले मी रोज बहिरी म्हणलं,” असं काहीतरी सांगे. त्या रडण्यावरून साधनाताई तास चांगला झाला की नाही ते ठरवत.

तासाच्या शेवटी त्या फळ्यावर तीन नियम लिहीत. रुग्णाला आजी किंवा आजोबा म्हणा. हात धरून बोला. साठीच्या वरच्या माणसाला कामधंद्याचं विचारू नका.

पहिले दोन नियम कुठल्याही प्रशिक्षणात सापडतील. तिसरा साधनाताईंचा स्वतःचा होता आणि तो त्यांच्या आईवरून आला होता.

आई कौसल्याबाई बोरी अरबजवळच्या खेड्यात आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत आणि निंदण करत होत्या. साधनाताईंना २००६ मध्ये कॉलेजात कंत्राटी नोकरी लागली. तीन वर्षांनी त्यांनी आईला यवतमाळला आणलं. लेक नोकरीला असताना आईने मजुरीला जावं हे त्यांना पटत नव्हतं, गल्लीतही बरं दिसत नव्हतं. आईसाठी खिडकीशी खुर्ची ठेवली, टीव्ही घेतला. वर्षभरात आईचं बोलणं कमी झालं. एकदा कॉलेजातली एक सहकारी चहाला आली आणि सहज म्हणाली, “मग आजी, सध्या काय करता?” कौसल्याबाई उठून आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. साधनाताईंनी त्यातून एवढंच घेतलं की काम सुटलेल्या माणसाला कामाचं विचारलं की ते त्याला लागतं. कौसल्याबाई २०१२ च्या डिसेंबरात वारल्या. पुढच्या वर्षी तिसरा नियम फळ्यावर आला.

नियम दयेपोटी केलेला होता, हे आधी सांगायला हवं. पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालं असतं तर ही गोष्ट सोपी होती.

२०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. अळी हटत नव्हती म्हणून फवारणी दुप्पट झाली होती, आणि फवारणारे मजूर विषबाधा होऊन दवाखान्यांत येत होते. ट्रस्टच्या रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डातल्या खाटा संपल्या तेव्हा गाद्या खाली टाकल्या गेल्या. रुग्णालयाने एक रबरी शिक्का करून घेतला होता. प्रत्येक नव्या केस पेपरवर तो जांभळ्या शाईत उमटवला जाई. ‘फवारणीशी संबंध: आहे / नाही.’ दोहोंपैकी एकावर खूण करायची. कर्मचारी कमी पडत होते, त्यामुळे बायकांच्या वॉर्डात ही माहिती तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनी घेत.

१९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी चारच्या सुमारास एका बंजारा तांड्यावरून रुपीबाई आडे यांना ऑटोत घालून आणलं. वय सत्तर. सोबत शेजारीण होती, ती शेवटच्या गाडीसाठी लगेच परत गेली. रुपीबाईंना उलट्या होत होत्या, घाम सुटला होता, तोंडातून लाळ गळत होती. नीट दिसत नाही असं त्या म्हणत होत्या. उभं केलं तर तोल जात होता.

त्यांची माहिती घेतली प्रेरणा चिंचोलकर हिने. प्रेरणा उमरखेडची. वडील शिंपी, घरातली पहिली शिकणारी मुलगी, वर्गात दुसरी. तिने रुपीबाईंचा हात धरला, त्यांना आजी म्हटलं, तोंड पुसलं, उलटीने भरलेला ओढणीचा काठ स्वतः धुतला. तिच्या वागण्यात काहीही कमी नव्हतं. मग केस पेपरवर व्यवसायापुढे तिने ‘काही नाही’ असं लिहिलं, आणि जांभळ्या शिक्क्यात ‘नाही’वर खूण केली. यातलं एकही तिने रुपीबाईंना विचारलं नव्हतं.

ड्यूटीवरचे डॉक्टर शेजारच्या वॉर्डात फवारणीच्या नऊ रुग्णांत अडकले होते. ते आले, त्यांनी कागद पाहिला, खाटेच्या पायथ्याशी उभं राहून रुग्णाकडे पाहिलं, सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन सांगितलं. “वयाचं आहे. तपासण्या उद्या,” असं म्हणून परत गेले.

प्रेरणाने आपल्या जर्नलमध्ये अभ्यासासाठी वेगळा तक्ता भरला. दृष्टी मंद, लाळ गळते, पाय थरथरतात, बोलण्यात गोंधळ. शेवटी शेरा: वयोमानानुसार. बुधवारी सकाळच्या फेरीत साधनाताईंनी तो तक्ता पाहिला. म्हातारपणाच्या तासात त्या जी लक्षणं सांगत ती त्यात ओळीने होती. त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘छान निरीक्षण’, आणि खाली सही केली. रुपीबाईंच्या खाटेपासून त्या तेव्हा चार पावलांवर होत्या.

रुपीबाईंचा मुलगा देवीलाल पुसदकडे ट्रॅक्टरवर कामाला होता. निरोप मिळून तो बुधवारी पावणेतीनला पोहोचला. आईला पाहून तो आधी सिस्टरवर चिडला.

“फवारणीचे सारे तिकडे हायेत. माह्या याडीले इकडं काहून टाकलं?”

“त्या फवारणीच्या नाहीत, दादा. त्यांचं वय...”

“वय काय? आठ दिवसांपासून पंप भरून राह्यली ती!”

सिस्टर धावत गेल्या. डॉक्टरांनी आल्या आल्या बॅटरीने डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. विषबाधेवरची इंजेक्शनं सुरू झाली तेव्हा दाखल होऊन जवळजवळ तेवीस तास झाले होते. त्याच वेळी खालच्या मजल्यावर साधनाताईंचा तास सुरू होता. प्रेरणा डोळ्यांवर व्हॅसलीनचा चष्मा लावून सुईत दोरा ओवत होती.

रुपीबाई वाचल्या. पाच दिवस अतिदक्षता विभागात आणि अकरा दिवस वॉर्डात काढून घरी गेल्या. पायांतली शक्ती मात्र पूर्ण परत आली नाही.

त्या वॉर्डातच होत्या तेव्हा देवीलालने लेखी तक्रार दिली. २८ सप्टेंबरला प्राचार्य इंदुताई यांच्या खोलीत चौकशी झाली. ट्रस्टचे सचिव वामनराव मध्ये बसले होते. समोर केस पेपर होता. जर्नल नव्हतं. ते विद्यार्थिनीकडेच असतं आणि कोणी मागितलं नव्हतं.

“तुम्ही त्या बाईंना विचारलं होतं का?” वामनरावांनी प्रेरणाला विचारलं.

“नाही, सर.”

“न विचारता खूण केली?”

“हो, सर.”

“का?”

प्रेरणाने साधनाताईंकडे पाहिलं. किती वेळ, ते आता साधनाताईंना सांगता येत नाही. त्यांना ते फार वाटलं. मग ती म्हणाली, “चूक झाली, सर.”

इंदुताईंनी कागद खाली ठेवला. “साधना, व्यवसाय विचारायला शिकवतो ना आपण मुलींना?”

“अभ्यासक्रमात आहे, मॅडम,” साधनाताई म्हणाल्या.

हे खरं होतं. अभ्यासक्रमात ते होतंच.

“झालं तर मग,” वामनराव म्हणाले. “विषय संपला.”

प्रेरणाला सहा महिने वर्ग आणि वॉर्ड दोन्ही बंद झाले. हजेरी कमी पडणार, म्हणजे उन्हाळ्यातली शेवटच्या वर्षाची परीक्षा जाणार. ही शिक्षा कमी करायची झाली तर परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी करायला हवी होती. ती तारीख ३० नोव्हेंबर. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी प्रेरणा ट्रंक घेऊन एसटी स्टँडवर गेली. वर्गातल्या दोघी तिला पोचवायला गेल्या. साधनाताई गेल्या नाहीत.

त्या गप्प का राहिल्या याचं कारण गुंतागुंतीचं नाही. अकरा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. म्हातारपणाचा तास पाहायला नोव्हेंबरात नागपूरहून एक समिती येणार होती. समितीचं मत चांगलं पडलं तर त्यांना कायम करायचं ट्रस्टने तोंडी कबूल केलं होतं. तिसरा नियम आपला आहे असं त्या खोलीत म्हणणं म्हणजे तो तासच मोडीत काढणं होतं.

दिवाळीनंतर, ५ नोव्हेंबरला, त्या रुपीबाईंना भेटायला गेल्या. कॉलेजने पाठवलं नव्हतं. आपण का जातोय हे त्यांना तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बोरी अरबपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता, पुढे तांड्यापर्यंत ऑटो मिळाला. रुपीबाई दारात बाजेवर बसून उडीद निवडत होत्या. साधनाताईंनी पिशवीतून फळं काढली.

“सफरचंद आणले काय वं?” रुपीबाई म्हणाल्या. “बिमार होती तवा कोणी आणले नाहीत.”

“आजी, मी कॉलेजातली...”

“आजी काहून म्हणून राह्यली? तुह्या मायच्या वयाची असन मी. रुपीबाई म्हण. सारा तांडा म्हणते.”

साधनाताईंनी रुपीबाई म्हटलं. अकरा वर्षांत एखाद्या म्हाताऱ्या बाईला नावाने हाक मारायची त्यांची ती पहिली वेळ असावी. मग त्यांनी विचारलं, त्या आठवड्यात काय काम होतं.

रुपीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. हे सांगायला त्यांना आवडत होतं, हे लगेच दिसलं.

“तीन वावरं केले त्या हप्त्यात. सहा पोट्टे फवारत, अन् त्यायले पुरवणारी मी एकटी. हिरीवरून पाणी आणो, ड्रमात दवाई टाको, काडीनं हलवो, पंपात ओतो. पोट्टे लय घाई करत. ‘रुपीबाई, भर! रुपीबाई, आन!’ काडी सापडे नाही तं हातच घातला. हा असा, कोपरापर्यंत.”

“हातमोजे?”

“कोणाच्या लग्नात देतात ते?” रुपीबाई हसल्या. देवीलालही दारात उभा राहून हसला. “माह्याबिगर एक पंप भरला नसता बाई त्या वावरात. मालकाले इचार.”

“मग दवाखान्यात हे सांगितलं का नाही?”

“कोणाले सांगू? ते पोट्टी चांगली होती. तोंड पुसे, पाणी पाजे, आजी आजी करे. पण इचारलंच नाही. मले वाटलं, हिले माहीत असन. बाजूच्या खोलीत सारे तेच तं होते!”

साधनाताईंनी मग समजावून सांगितलं. म्हातारपणाचा तास, कापूस, तुरीचे दाणे. आणि हेही, की आम्ही मुद्दाम विचारत नाही, काम सुटलेल्या माणसाला त्याचं वाईट वाटतं म्हणून.

“कानात कापूस घालून म्हातारं होत असन,” रुपीबाई म्हणाल्या, “तं आमी जन्मताच म्हातारे होतो. नाकाकानात कापूसच होता.” मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, “सुटलेल्याले वाईट वाटन. माहं कोठी सुटलं होतं? अन् सुटलं असतं, तरी इचारायचं बाई. मी काय काय केलं ते दिवसभर सांगतलं असतं.”

बोलता बोलता त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

“आता सुटलं मात्र,” रुपीबाई म्हणाल्या. “उभं राह्यलं की पाय कापतात.”

देवीलालने विचारलं, “त्या पोरीचं काय केलं तुमी?”

“सहा महिने बाहेर ठेवलंय.”

“तिले असं कोणं शिकवलं होतं?” रुपीबाईंनी विचारलं. प्रश्न सरळ होता, त्यात खोच नव्हती. दारात तिघंच होती आणि ऐकणारं चौथं कोणी नव्हतं.

“कॉलेजनं,” साधनाताई म्हणाल्या.

“मंग कॉलेजले काहून नाही काढलं बाहेर?”

देवीलाल पुन्हा हसला. साधनाताईही हसल्या. आजवर केलेल्या गोष्टींत आपल्याला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते, असं विचारलं तर साधनाताई चौकशीतलं उत्तर सांगत नाहीत, हे हसणं सांगतात. चौकशीत नोकरी समोर होती. तांड्यावर कोणी काही हिरावून घेणार नव्हतं, तरी तोंडातून खरं निघालं नाही.

परतताना त्या बोरी अरबच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत पाऊण तास बसल्या. आई चहाच्या दिवशी का रडली असेल, याचा त्यांनी तिथे पहिल्यांदा निराळा विचार केला. विचारलं म्हणून नव्हे. विचारल्यावर सांगायला त्या खुर्चीने काही ठेवलं नव्हतं म्हणून. आईचं काम सुटलं नव्हतं, लेकीने सोडवलं होतं.

एवढं कळल्यावर माणसाने दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे जायला हवं. साधनाताई गेल्या नाहीत.

२४ नोव्हेंबरला नागपूरची समिती आली. तिघं जण होते. साधनाताईंनी तास घेतला. कापूस, दाणे, चष्मे सगळं नेहमीप्रमाणे झालं, शेवटी एक मुलगी रडली. समितीतल्या एका बाईंनीही डोळे पुसले. साधनाताईंनी फळ्यावर तिन्ही नियम लिहिले, कारण तिसरा गाळला असता तर मुलींनी का म्हणून विचारलं असतं. टाळ्या झाल्या. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या तारखेची नोटीस स्टाफरूमच्या दाराबाहेर लावलेली होती. त्या दाराने त्या दिवसातून सहा-सात वेळा आत-बाहेर करत. तारीख लक्षात नव्हती असं म्हणायची सोय त्यांना नाही.

३० नोव्हेंबर गेला. शनिवारी समितीचं पत्र आलं, अनुकूल होतं. सोमवारी, ४ डिसेंबरला, त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींची जर्नल तपासायला बसल्या. म्हाताऱ्या रुग्णांचे नऊ तक्ते होते. सातांवर व्यवसायापुढे ‘काही नाही’ होतं. एक रुग्ण पासष्टीचा होता आणि तळहाताला ताजी जखम घेऊन आला होता. जखम कशाने झाली, ते तक्त्यात नव्हतं. बाकीच्या मुली अजून नियम पाळत होत्या. तो चुकीचा आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

साधनाताईंनी अर्जाचा कागद घेतला आणि दीड पान लिहिलं. नियम कोणाचा, कधीपासून, प्रेरणाच्या तक्त्यावर सही कोणाची, चौकशीत आपण काय म्हणालो आणि काय म्हणालो नाही. तो कागद घेऊन त्या इंदुताईंकडे गेल्या.

इंदुताईंनी दोनदा वाचला. “हे तीस तारखेच्या आत का नाही दिलं?”

“भीती वाटली.”

“आता फॉर्म जात नाही. माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे.”

“चार दिवस, साधना!” इंदुताई पहिल्यांदा चिडल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “हे बघ. मुलीची शिक्षा मी उद्या रद्द करून घेते. पुढच्या हिवाळ्यात बसेल परीक्षेला. पण हा कागद फायलीतच राहील. देवीलालची तक्रार अजून उघडी आहे. शिक्षिकेनंच असं शिकवलं होतं म्हटलं तर ट्रस्ट कुठं तोंड दाखवणार?”

“मी तर म्हणतेय, मला दाखवू द्या.”

“तुला काय वाटतं, तू एकटी दिसशील?”

पुढच्या रविवारी साधनाताई उमरखेडला गेल्या. आर्णी, महागाव करत एसटीने तीन तास. प्रेरणा वडिलांच्या दुकानात ब्लाउजला हूक लावत बसली होती. वडिलांनी मॅडम आल्या म्हणून स्टूल पुसून दिलं आणि चहा सांगायला बाहेर पडले. त्यांना काही माहीत नव्हतं. मुलीची चूक झाली, तरी शिक्षिका स्वतः भेटायला आली, एवढंच त्यांना दिसत होतं. जाताना ते हात जोडून म्हणाले, “मॅडम, पोरीला पदरात घ्या.”

साधनाताईंनी शिक्षा रद्द झाल्याचं सांगितलं. मग दीड पानात जे लिहिलं होतं ते सगळं तोंडाने सांगितलं.

प्रेरणाचा हात थांबला नाही. “मीटिंगमध्ये माझं जर्नल पिशवीत होतं, मॅडम. तुमची लाल सही होती त्यात.”

“काढलं का नाही?”

“वाटलं, तुम्ही बोलाल.”

साधनाताई म्हणाल्या, “चूक माझी होती, प्रेरणा. तुझी नाही.”

“असं नका म्हणू.” तिने सुई ब्लाउजमध्ये टोचून ठेवली. “विचारू नका, असं तुम्ही सांगितलं होतं. ‘नाही’वर खूण करा, असं नव्हतं सांगितलं. रिकामं सोडता आलं असतं मला. डॉक्टरांनी विचारलं तरी असतं मग. ती खूण माझी आहे. ती पण घेऊन जाता का आता तुम्ही?”

तिने डबीतून पुढचा हूक उचलला.

“ती बाई चालते का?” प्रेरणाने विचारलं.

“थोडं. धरून.”

प्रेरणाने मान हलवली. वडील चहा घेऊन आले. तिघांनी तो प्यायला, कपाशीच्या आणि बोंडअळीच्या गोष्टी झाल्या. साधनाताई दुपारच्या गाडीने परतल्या.

प्रेरणा जानेवारीत वर्गात परत आली. शेवटच्या बाकावर बसायची. हिवाळी परीक्षा द्वितीय श्रेणीत पास झाली आणि आता नांदेडच्या एका दवाखान्यात नोकरी करते. तांड्यावर ती दोनदा जाऊन आली, असं देवीलालकडून कळलं. साधनाताईंना तिचा फोन येत नाही.

म्हातारपणाचा तास बंद झालेला नाही. समितीने नावाजलेला तास बंद करता येत नाही. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो आहे. साधनाताईंनी त्याच्या आधी एक तास जोडला. प्रत्येक मुलीने वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या रुग्णाजवळ बसायचं आणि दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी, उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं, ते विचारून लिहून घ्यायचं. फळ्यावर आता एकच नियम असतो. न विचारता काही लिहू नका. मुली कुरकुर करतात, म्हातारे संपवतच नाहीत म्हणून. एका मुलीला एका आजोबांनी बैल कसा ओळखावा ते दीड तास सांगितलं.

नियम का बदलला, हे साधनाताई दर वर्षी नव्या मुलींना सांगतात. रुपीबाईंचं नाव सांगतात, प्रेरणाचं सांगत नाहीत, स्वतःचं सांगतात. इंदुताईंना हे आवडत नाही, पण त्यांनी अडवलं नाही. सांगताना साधनाताई मुलींकडे न पाहता खिडकीकडे पाहतात. दर वर्षी सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं, तसं झालेलं नाही.

गेल्या वर्षी घाटंजीकडच्या एका मुलीने हात वर केला.

“मॅडम, मंग तुमी चार तारखेपर्यंत थांबल्या कायले?”

“भीती वाटली.”

“कायची?”

“मला कायम करणार होते. ते गेलं असतं.”

मुलीने जरा विचार केला. “मंग झाल्या का कायम?”

“झाले,” साधनाताई म्हणाल्या. “पुढच्याच जूनमध्ये.”

मुलगी खाली बसली. साधनाताईंनी हजेरीपट उघडला आणि पहिलं नाव वाचलं.